ओलं जाकीट

उद्या सगळे मिळून होडीने मासे पकडायला जाणार होते. गळ, दोर, बर्फाची पेटी असं सगळं ओटीवर मांडून झालं, तेव्हा शिंप्याने कुलूपबंद कपाटातून तरंगायची जाकिटं काढली. वर्षभरात ज्याचं पोट सुटलं असेल त्याचा पट्टा आदल्या दिवशी वाढवून द्यायचं काम दरवर्षी त्याचंच.

बाकीची जाकिटं खडखडीत कोरडी होती. त्याचं एकट्याचं ओलंचिंब.

त्याने बोट जिभेला लावून पाहिलं. खारट!

त्याने मेहुण्याकडे रोखून पाहिलं. "काय रे, माझं जाकीट घालून परस्पर समुद्रावर जाऊन आलास ना?"

"भाऊजी, किल्ली तर तुमच्या कमरेला असते!" मेहुणा हसला आणि चहा आणायला आत गेला.

शिंप्याला ते हसणं खटकलं. थट्टा करतोस काय? मग भीज आता तूच. त्याने मेहुण्याचं कोरडं जाकीट गुपचूप स्वतः चढवलं आणि आपलं ओलं त्याच्या जागी ठेवून दिलं.

मेहुण्याने चहा खाली ठेवला, जाकीट घातलं, पट्टा आवळला. मग मजेत चहा ओतायला लागला.

शिंप्याने त्याच्या पाठीवरचं जाकीट चाचपलं. तेही आता खडखडीत कोरडं होतं.

"भाऊजी," मेहुणा खाली बघत म्हणाला, "तुमच्या पायाशी पाणी कुठून आलं?"

उत्तर द्यायला शिंप्याने तोंड उघडलं, तर शब्दांच्या आधी खारं पाणी बाहेर आलं.