शून्य आठ चार आठ चार

फोन सलग तिसऱ्यांदा एंगेज लागला, तेव्हा मल्हाररावांचं डोकं फिरलं.

कुलूप घातलेल्या घरातला फोन एंगेज लागतोच कसा? दूर शहरात, राजाजीनगरात मुलाकडे आल्यापासून ते रोज संध्याकाळी भालकीच्या आपल्या घरी फोन लावत. आधी गावाचा कोड, शून्य आठ चार आठ चार, मग घरचा नंबर. दोन रिंगा झाल्या की कापायचा. उचलायला तिथे कोणी नव्हतंच. पण रिंग गल्लीत ऐकू जाते, घरात माणसं आहेत असं वाटतं, चोर दोनदा विचार करतो, असा त्यांचा हिशेब. डोळ्याचं ऑपरेशन झालं की त्यांना परत तिथेच राहायला जायचं होतं. ऑपरेशन होऊनही आता बरेच महिने झाले होते.

"लाइन बिघडली असेल, अण्णा," उपेंद्र लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "आता लँडलाइन वापरतं कोण? बंद करून टाकू."

"बंद? घर तुझ्या नावावर केलंय, फोन अजून माझ्या नावावर आहे. मी आहे तोवर तो वाजणार."

"दिवाळीत मी जाऊन बघून आलो ना? सगळं नीट आहे. तुम्ही स्वल्प शांत बसा."

शांत कसले बसतात! बिल भरायला एक दिवस उशीर झाला की लगेच मेसेज येतो, आणि लाइन बिघडली तर तिकडे कुत्रंही फिरकत नाही. तक्रार करावी तर एक दाबा, दोन दाबा, आणि सगळं दाबून झाल्यावर गाणं. मोठ्या शहरातला फोन असता तर असं चाललं असतं? भालकी म्हटलं की सगळ्यांना झोप येते. मल्हारराव हे सगळं मोठमोठ्यानं बोलत होते.

"द्या इकडे मोबाइल, मी करतो तक्रार," उपेंद्र उठून हात पुढे करत म्हणाला.

"तू राहू दे."

ते तणतणत गॅलरीत गेले आणि पुन्हा नंबर लावला. या वेळी रिंग गेली. एक, दोन. रागाच्या भरात कापायचं राहूनच गेलं. आणखी दोन-तीन रिंगा झाल्या आणि पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

"कोण ओ तुम्ही?" एक बाई तावातावानं विचारत होती. "रोज सांजच्याला दोन रिंगा देऊन कापायलाव. वैतागून आज रिसीव्हर काढूनच ठेवला होता मी, आत्ता परत ठेवला की लगेच वाजला. घर इकताना उपेंद्रसायबांनी ही कटकट सांगितली नव्हती आमाला."