सांधणारी काच

फोटो सोडवायला युसुफभाईंनी फ्रेमच्या काचेवर पुन्हा हातोडी मारली. तडा गेला आणि पाहता पाहता सांधलाही. तेवढा भाग मात्र दुधाळ झाला. आपोआप जुळणाऱ्या या काचेचे टाकाऊ तुकडे दुकानामागच्या पिंपात एकमेकांना चिकटत आणि त्यांचा गोळा भट्टीला जाई. वत्सलाबाईंच्या गेलेल्या मुलीचा एकुलता एक फोटो तशाच दोन काचांमध्ये ठेवला होता; त्या एकमेकींना जुळल्या आणि तो आत रुतला.

“ही भट्टीतच वितळेल, ताई. पण फोटोही जळेल.”

“मग अजून एकदा मारून बघा.”

त्यांनी मारली. मुलीचे ओठ दिसेनासे झाले.

“थांबा!” वत्सलाबाईंनी फ्रेम ओढून घेतली. “डोळे तरी राहू द्या.”

पण शेवटच्या घावाचा तडा सांधत वर चढत होता आणि त्याच्यामागे पांढुरका डागही वर सरकत होता. वत्सलाबाई पदरानं काच पुसत राहिल्या. युसुफभाईंना त्यांना थांबवता आलं नाही.