दहा वाजताची कूस

पट्टी निघत होती, तेव्हा लोटननानांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. अडावदला तीस वर्षं केळीचे घड ट्रकमध्ये भरलेला गडी, पण बायकोच्या कमरेखालची जखम बघायची छाती त्यांना कधी झाली नाही. खुब्याचं हाड मोडून झुंबरबाई अंथरुणाला खिळल्या आणि पडून पडून माकडहाडावर लिंबाएवढा खड्डा पडला. तो आज भरलेला दिसला नाही तर ऑपरेशन, असं जळगावच्या या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं.

भिंतीवर घड्याळाखाली एक कागद चिकटवलेला होता. दर दोन तासांचा एक चौकोन: डावी, उजवी, पुन्हा डावी. वॉर्डच्या इन्चार्ज समीक्षा सिस्टरांचा नियम कडक होता. ज्यानं कूस बदलली, त्यानंच सही करायची. नानांना सही येत नव्हती, ते अंगठा लावत. पहिल्या दिवशी मात्र ते सिस्टरांवर चांगलेच उखडले होते.

"झोपेल बाईले कसाले हालाडस?"

"नाना, ट्रकमध्ये घड ठेवताना खाली काय घालता?"

"पाला. नही ते दबेल बाजू काळी पडस."

एवढं बोलून नानांनी स्वतःच शाईचं पॅड मागून घेतलं होतं.

"नाना, इकडे बघा," आता सिस्टर म्हणाल्या.

नानांनी भीत भीत मान वळवली. खड्डा नव्हता. तिथं गुलाबी, नवी कातडी आली होती. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"डाग नही. माल एक नंबर शे."

"कोनले माल म्हनी ऱ्हायनात?" झुंबरबाई उशीतूनच बोलल्या.

सिस्टर हसल्या. नानाही हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. भिंतीवरच्या कागदावर दिवसपाळीच्या, रात्रपाळीच्या किती पोरींच्या सह्या होत्या. नावं त्यांना वाचता येत नव्हती, पण एकही चौकोन रिकामा नाही, एवढं दिसत होतं. या पोरींचे उपकार कोणत्या जन्मी फिटायचे?

ते पाया पडायला वाकले, तसा सिस्टरांनी त्यांचा हात धरला आणि हातात एक कोरा कागद ठेवला. "उद्या सुट्टी. हा घरी लावायचा. नवी कातडी कच्ची असते, नाना. दोन तास चुकवायचे नाहीत."

नानांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. "माय, आठे तुनी सही ऱ्हाऊ दे."

"कूस न बदलता मी सही कशी करू?"

नाना ओशाळले. नियम त्यांना ठाऊक होता.

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते.

"धरा तिकडून," त्या म्हणाल्या.

दोघांनी मिळून झुंबरबाईंना डाव्या कुशीवर घेतलं. मग कोऱ्या कागदाच्या पहिल्या चौकोनात सिस्टरांची सही झाली, आणि जागा उरली नव्हती तरी तिला लागून एक निळा अंगठा.