उपवासाचे वार

“पट्टीतून काही जाणवलं तर तर्क करू नका, विचारा,” समुपदेशक पेंडसेबाईंनी जयवंतांना बजावलं होतं. जयवंतांनी तसा शब्दही दिला होता.

उपचारासाठी नवरा-बायको दोघांनी मनगटावर पट्टी बांधल्यापासून इंदुमतीच्या अंगाला जे वाटे, ते जयवंतांना स्वतःच्या अंगात जाणवे. सोमवारी तिच्या उपवासाची भूक त्यांच्या पोटात आली, पण छाती हलकी होती. मंगळवार तिचा जेवणाचा वार. तरी संध्याकाळी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचाच घसा आवळला.

उपवासाच्या दिवशी ते तिच्याजवळ जात नसत.

“अगं, तुझे उपवास एवढे का वाढले?” त्यांनी हात काढून विचारलं.

इंदुमती वाती वळत राहिली. “सोमवार देवाचा. गुरुवार, शनिवार तुमच्यासाठी धरले. माझं ‘नको’ तुम्ही हसण्यावारी न्यायचात, अहो. देवाचं नाव काढलं की ऐकायचात.”

“मग गुरुवारी जेव. तू बोलावल्याशिवाय मी जवळ येणार नाही.”

“आणि बोलावलंच नाही तर?”

“तर नाही.”

घसा किंचित सैल झाल्याचं त्यांना जाणवलं. आपली उशी उचलून ते बाहेरच्या खोलीत अंथरूण घालायला गेले.