लोकरीला लागलेली कसर

स्वेटर, निळा. डावं कोपर.

"हा तिसऱ्यांदा!" सुनेने स्वेटर म्हाताऱ्याच्या मांडीवर टाकला. "बाबा, फेकून देऊ या ना. तुम्ही चार दिवस डोळे फोडणार, आणि हाती काय येणार? जुनाच स्वेटर!"

"दोन दिवस," म्हातारा म्हणाला. "आणि भोक कुठं होतं ते तुला सापडणार नाही."

"भोक शोधायला घालते होय मी स्वेटर?"

त्याने चाळीस वर्षं दुकानात बसून रफू केलं होतं. जिथलं कापड तिथलाच धागा, हा नियम. शिवणीच्या आतून, कुणाला दिसत नाही तिथून, तो सुईच्या टोकाने लोकर ओढून काढी आणि भोकावर उभी-आडवी भरी. दुकान बंद पडलं तेव्हा मुलाने त्याला इथं आणलं, मागची खोली दिली.

दुसऱ्या दिवशी सून टेबलावरचा दिवा घेऊन आली. "धरा. डोळे गेले तर तेही मलाच निस्तरावं लागेल." दिवा तिने जवळजवळ आपटलाच.

शाल. कड. भोक लहान.

कात्री शोधताना स्वयंपाकघरातल्या खणात एक रंगीत पत्रक सापडलं. ज्येष्ठांसाठी घरासारखं घर. बाग, डॉक्टर, दोन वेळचं जेवण. फोन नंबराखाली पेनाने रेघ ओढलेली.

म्हाताऱ्याने ते होतं तसं ठेवलं. स्वयंपाकघरातला खण म्हणजे सुनेचाच. आणखी कुणाचा असणार?

शाल त्याने त्याच दुपारी भरून दिली. हात चालतोय तोवर कुणी आपल्याला उठवणार नाही, एवढं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. कापड वाचतं की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता कधीच मिटला होता.

कोट, मुलाचा. खांदा. मग पाठ. मग पुन्हा खांदा.

"बाबा, तुमच्या हाताला तोड नाही," मुलगा म्हणाला. "ती बोलते तिकडे लक्ष देऊ नका. पण भोकं फार पडायला लागलीत. कसर लागलीय. बोलावतो कुणाला तरी."

फवारणीवाला रविवारी सकाळी आला. मुलाने त्याला दारातच गाठलं. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलले. मग फवारणीवाल्याने एकही कपाट न उघडता निदान केलं. कसर मागच्या खोलीत आहे. खोली रिकामी करा. महिनाभर तरी. औषधाचा वास म्हाताऱ्या माणसाला सोसायचा नाही.

"झालं!" सून म्हणाली. "म्हणजे यांचा सगळा पसारा आता हॉलमध्ये!"

"हॉलमध्ये कशाला?" मुलगा म्हणाला. "एक चांगली जागा बघून ठेवलीय मी. महिन्याचा तर प्रश्न आहे."

सुनेने कपाळाला आठ्या घातल्या, पिशवी उचलली आणि भाजी आणायला गेली.

बॅग. चेन धड आहे.

मुलगा कपडे भरत होता. म्हाताऱ्याने खोलीचं दार लोटून घेतलं. गिऱ्हाइकाशी त्याने जन्मात लबाडी केली नव्हती.

"खोली रिकामी करू नकोस," तो म्हणाला. "घरात कसर नाही. भोकं मी पाडतो. ब्लेडने. स्वेटर, शाल, तुझा कोट, सगळी माझीच. काम असलं तर राहू द्याल, म्हणून."

मुलाने शेवटचा सदरा नीट घडी करून ठेवला. चेन लावली.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "फक्त तिला सांगू नका, बाबा. कळलं तर ती तुम्हाला जाऊ द्यायची नाही."