इंदूकाकूंचा परवाना

आई जाऊन दीड महिना झाला होता. वरची खोली भाड्याने द्यायचा परवाना तिच्या नावावर होता. तो रद्द करून घर विकायचं मी ठरवलं होतं. रद्द करण्याआधीच्या तपासणीसाठी नगरपालिकेचे शिकलगार साहेब आले होते.

खोलीत भाडेकरू होती, तरी मी सरळ किल्ली लावून वरचं दार ढकललं.

"ताई, थांबा की!" साहेब दोन पायऱ्या खाली सरकले. "इंदूकाकूंनी एकदा मला इथंच अर्धा तास उभं केलं होतं. आतली पोरगी केस धूत होती. मी म्हटलं, काकू, घर तुमचंच ना? तर म्हणाल्या, कागदावर. आत राहते तिचं."

मला आठवलं. आई स्वतःच्याच घराचं दार पाहुणीसारखं वाजवायची, पदर सावरून. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

मी दार ओढून घेतलं आणि हलकेच वाजवलं.

"कोण?"

"मी, इंदूकाकूंची मुलगी. आत येऊ का?"

रात्रपाळी करून आलेली नर्स दारात आली. गालावर उशीची घडी उमटली होती. "ताई, खोली आजच सोडायची का?"

"नाही गं. झोप तू."

दार लागल्यावर मी साहेबांना विचारलं, "परवाना माझ्या नावावर करायला काय लागतं?"

"अर्ज. आणि खोलीची तपासणी."

"मग संध्याकाळी या. आत्ता ती झोपलीय."