पावसाचा मान

टोकुजी जोडीनं कुठं निघाला की पाऊस आलाच, आणि गाव बोल लावी ते त्याच्या पायगुणाला. जत्रेला त्याला कुणी बोलवत नसे. "माझ्यामुळं बेडकांचं तरी भलं होतं," असं तोच हसत सांगे.

यंदा पावसाविना भाताची लावणी खोळंबली, तेव्हा सरपंच साके ही तांदळाची दारू घेऊन दारात आले. "टोकुजीदादा, चला, बांधावर वनभोजन करू."

ठेवणीतला किमोनो घालून तो एकटाच गेला. ऊन रणरणत राहिलं. "आता बेडूकही मला ओळख दाखवायचे नाहीत," तो पुटपुटला.

इतक्यात त्याची बायको ओसुमी विसरलेली छत्री घेऊन आली, आणि टपकन थेंब पडला. बांधावर जमलेले सगळे गावकरी त्याच्यापुढे वाकले. त्यानं चमकून बायकोकडे पाहिलं.

"घ्या मान," छत्री उघडत ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या वाटणीची बोलणी तुम्हीच खाल्लीत."